गणिताचा एकच तास आणि शुक्रवारची मॅच

पत्र

'ताई, आम्ही टेक्सासमध्ये लबकपासून दीड तासावरच्या एका गावात राहतो. मिस्टर इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहेत. व्हिसाच्या अटीतून सूट (वेव्हर) मिळावी म्हणून डॉक्टर कमी असलेल्या भागात ३ वर्षं काम करायचा करार आहे, तो पुढच्या जूनमध्ये संपतो. मुलगा नववी संपवतोय. त्याच्या हायस्कूलमध्ये नववी ते बारावी मिळून ६८ मुलं, त्याच्या वर्गात १७. गणिताला एकच शिक्षिका, एपीचा, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा, एकही कोर्स नाही. आणि हा फुटबॉल, बास्केटबॉल, ट्रॅक, बँड, नाटक, सगळ्यात आहे. ऑक्टोबरमध्ये एका मॅचच्या हाफटाइमला बघते तर शोल्डर पॅड्स तशाच अंगावर ठेवून बँडबरोबर मैदानात ट्रम्पेट वाजवत होता! मार्क ९५ च्या वर असतात, पण डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या मैत्रिणी म्हणतात, १७ जणांतल्या ९५ ला काय किंमत? त्यांची मुलं दहावीतच दोन-तीन एपी घेतात. पुण्याहून सासूबाई दर रविवारी विचारतात, "तो अभ्यास करतो तरी कधी?" मी ठरवलंय की ऑगस्टमध्ये मी आणि तो फ्रिस्कोला अपार्टमेंट घेऊन राहायचं, मिस्टर करार संपला की येतील. हे सांगितल्यापासून आठवडा झाला, मुलगा माझ्याशी धड बोलत नाही. मला भीती वाटते, आणखी ३ वर्षांत तो इथलाच होऊन जाईल. मी चुकतेय का?'

उत्तर

ऑगस्टमध्ये हलू नका. निदान मुलाला घेऊन एकट्या तर नाहीच.

पहिलं कारण नियमाचं आहे, म्हणून ते आधी सांगते. टेक्सासमध्ये शाळाशाळांमधल्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, चालवते. शाळा बदललेल्या मुलाला नव्या शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य, टीममध्ये खेळायचं असेल, तर आधीच्या शाळेत तो काय खेळला याचा एक फॉर्म भरावा लागतो, त्यात जुन्या शाळेचं म्हणणं घेतात, आणि कुटुंबाचं बिऱ्हाड खरोखर हललंय का ते बघतात. जुनं घर चालू, वडील तिथेच, अर्धं सामान तिथेच, अशी स्थिती असली की प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जाऊ शकतं आणि मुलाचं व्हर्सिटीचं अख्खं वर्ष वाया जाऊ शकतं. करार संपल्यावर तिघांनी मिळून बिऱ्हाड हलवलंत तर ही अडचण राहत नाही. तुमच्या मैत्रिणींना कधी मधल्या वर्षात, निम्मं घर मागे ठेवून हलावं लागलं नसेल, म्हणून त्यांच्या बोलण्यात हे आलं नसेल.

आता मूळ प्रश्न. मी पश्चिम टेक्सासमधल्या अशाच एका शाळेत ११ वर्षं गणित शिकवलं. गणिताची एकुलती एक शिक्षिका मीच. सकाळी नववीचा आल्जिब्रा, दुपारी बारावीचा प्रीकॅल्क्युलस, आणि शुक्रवारी संध्याकाळी मैदानाच्या फाटकावर तिकिटं. बसचं लायसन्स कोचकडे असायचं आणि इतिहासही तोच शिकवायचा. तेव्हा मी लहान शाळेची बाजू घेणार असं तुम्हाला वाटेल. बऱ्याच बाबतीत घेणार आहे. एका बाबतीत मात्र मुळीच नाही, आणि तुमचं लक्ष तिकडेच वळवायचं आहे. ती बाब एपीची नव्हे, वेळापत्रकाची आहे.

त्या आधी तुमचा मुलगा जे खेळतो त्याविषयी थोडं. पत्रात तुम्ही नुसतं 'फुटबॉल' लिहिलंत, पण ६८ मुलांच्या शाळेत तो सहा जणांचाच असणार. हा खेळ १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या चेस्टर गावी स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने बसवला. मंदीचा काळ होता, लहान शाळांना अकरा मुलं गोळा करणं जड जात होतं. म्हणून मैदान लहान केलं, ८० यार्ड लांब आणि ४० रुंद, फर्स्ट डाउनला, म्हणजे बॉल आपल्याकडेच राहायला जितकं पुढे सरकावं लागतं त्याला, १० ऐवजी १५ यार्ड लागतात. अर्ध्या वेळेला किंवा त्यानंतर कधीही ४५ गुणांची आघाडी झाली की मॅच तिथेच संपते. मला त्यातला सगळ्यात आवडणारा नियम म्हणजे सहाही जण पास झेलू शकतात. अकरा जणांच्या खेळात लाइनमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलाच्या हाती चार वर्षांत एकदाही बॉल न येणं शक्य आहे. सहा जणांत सेंटरसुद्धा बॉल मागे देऊन पळत सुटतो आणि टचडाउन करतो. हा खेळ ज्या शाळांसाठी जन्मला त्यांच्याकडे बाकावर बसवायला मुलंच नव्हती, आणि त्याचे नियमही तसेच झाले.

बाकी शाळेचंही तसंच चालतं. तुमचा मुलगा पॅड्स घालून ट्रम्पेट वाजवत होता, कारण तो नसता तर बँडमध्ये बहुधा ट्रम्पेटच नसती. फ्रिस्कोच्या शाळेतला बँड तुमच्या इथल्यापेक्षा फार सरस असेल, यात शंका नाही. पण तिथे बँडवाली मुलं बँडमध्ये, फुटबॉलवाली फुटबॉलमध्ये, आणि बास्केटबॉलच्या निवडीला जितकी मुलं येतात त्यातली बरीचशी यादी वाचून घरी जातात. दहावीत नव्याने येणाऱ्या मुलाला यातलं बहुधा एकच काही धरता येईल. तसं करण्यात वाईट काही नाही, कित्येक मुलं त्यातच खुलतात. मात्र तो बदल किती मोठा आहे हे मुलाला कळलंय, आणि तुम्हाला कदाचित पुरतं कळलेलं नाही. त्याच्या अबोल्याचं कारण मला तरी तेच दिसतं.

तुमच्या यादीत एक गोष्ट मी शोधत होते, ती सापडली नाही. फुटबॉल, बास्केटबॉल, ट्रॅक, बँड, नाटक, सगळं लिहिलंत. नंबर सेन्स लिहिलं नाहीत.

यूआयएलचं नाव निघालं की लोकांच्या डोळ्यांपुढे फुटबॉल येतो. पण टेक्सास विद्यापीठाने १९१० मध्ये ती सुरू केली ती वादविवाद स्पर्धांसाठी, खेळ मागून आले. आजही गणित, विज्ञान, कॅल्क्युलेटर, निबंध, स्पेलिंग, अकाउंटिंग, चालू घडामोडी, वादविवाद, एकांकिका अशा कितीतरी स्पर्धा तीच भरवते. जिल्हा, मग विभाग, मग मे महिन्यात ऑस्टिनला राज्य पातळी. सगळ्यात लहान शाळांचा १ए गट शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी पटसंख्येचा असतो. तुमची शाळा त्यातच येते, आणि त्या गटात राज्य पातळी गाठणं हे मेहनती मुलाच्या आवाक्यातलं आहे. राज्य पातळीच्या शैक्षणिक स्पर्धेत उतरलेल्या आणि पुढे टेक्सासमध्येच कॉलेजला जाणाऱ्या मुलांना यूआयएलच्या फाउंडेशनकडे स्कॉलरशिपसाठी अर्जही करता येतो. याची माहिती तुमच्या गावातल्या किती पालकांना आहे, विचारून बघा.

नंबर सेन्स म्हणजे १० मिनिटांत ८० प्रश्न. रफ कामाला कागद नाही, खोडायचं नाही, लिहिलेल्यावर गिरवायचं नाही. मनात हिशेब करायचा आणि थेट उत्तर लिहायचं. चुकलं किंवा मधलाच प्रश्न सोडला तर गुण कापतात. दर दहावा प्रश्न अंदाजाचा, उत्तर खऱ्या उत्तराच्या ५ टक्क्यांच्या आत आलं की पुरे. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे प्रश्नपत्रिका लहान-मोठ्या सगळ्या गटांना एकच असते, फक्त क्रमांक गटागटात वेगळे लावतात. '१७ जणांतल्या ९५ ला काय किंमत' हा प्रश्न मैत्रिणींनी खोचकपणे विचारला असेल, पण प्रश्न खोटा नाही. लहान शाळेतल्या मार्कांना बाहेरचा आरसा लागतोच. त्याला नंबर सेन्स आणि गणिताच्या पेपरला बसवा आणि आलेले गुण मोठ्या शाळांच्या मुलांच्या गुणांशेजारी ठेवून बघा. शिवाय अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटी ही देशभरातली परीक्षा आहे. नॅशनल मेरिट स्कॉलरशिपची पात्रता त्यावरून ठरते आणि तिची रेषा सगळ्या राज्याला एकच असते, त्यामुळे तुम्ही लबकजवळ राहता की फ्रिस्कोत याने काही फरक पडत नाही. लहान शाळांत नोंदणीची आठवण राहून जाऊ शकते, म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीलाच विचारा.

आता वेळापत्रक. इथे मी हात राखून बोलणार नाही.

लहान शाळेत बहुतेक विषयांचा दिवसातून एकच तास असतो. मोठ्या शाळेत प्रीकॅल्क्युलस चौथ्या तासाला जमलं नाही तर सहाव्याला घेता येतं. इथे दुसरा तास नाही. आणि ॲथलेटिक्सलाही शाळेच्या वेळातच एक तास दिलेला असतो. माझ्या शाळेत एका वर्षी प्रीकॅल्क्युलस आणि मुलींचं ॲथलेटिक्स एकाच तासाला आलं. माझ्या वर्गात एक फार हुशार मुलगी होती, पॉइंट गार्ड खेळायची. तिने बास्केटबॉल निवडला. पंधरा-सोळा वर्षांच्या, टीममध्ये आठच जणी असलेल्या मुलीने दुसरं काय निवडावं? पुढे ती इंजिनीअरिंगला गेली आणि पहिल्या सत्रात कॅल्क्युलसमध्ये गटांगळ्या खाऊन तिने शाखा बदलली. ते वेळापत्रक मे महिन्यात माझ्या टेबलावर आलं होतं. मी माझे तास बघितले आणि सही केली. माझ्या वर्गातली मुलं त्या वेळी कुठे असतील हे पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये लक्षात आलं तेव्हा बाकीचे सगळे तास ठरून गेले होते, कुणालाच काही सरकवता आलं नाही. त्यानंतर दरवर्षी एप्रिलमध्ये मी वरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचं वेळापत्रक स्वतः मांडून बघायचे. तिच्या वर्षी ते केलं असतं तर निभावलं असतं, हे मला आजही डाचतं.

म्हणून तुम्ही या महिन्यात शाळेत जा. काउन्सेलर, गणिताच्या बाई आणि कोच, तिघांना एका खोलीत बसवा. अशा शाळेत हे जमतं, हा तिचा मोठाच गुण. पुढच्या ३ वर्षांचे गणित आणि विज्ञानाचे विषय कागदावर तासांसकट मांडायला सांगा. मुलाने आल्जिब्रा वन आठवीतच केलं असेल तर नववीत जॉमेट्री, दहावीत आल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा सरळ जिना आहे. नववीत केलं असेल तर एक पायरी कमी पडते. ती भरून काढायला दहावीत जॉमेट्री आणि आल्जिब्रा टू एकाच वर्षी घ्यावं लागेल, आणि एकाच बाई दोन्ही शिकवत असल्यामुळे ते तास एकमेकांवर येण्याची शक्यता नसते. इंजिनीअरिंग, विज्ञान, मेडिकल यांतलं काहीही त्याच्या मनात असेल तर हा जिना मला कुठल्याही एपीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. शाळेने 'हे होणार नाही' असं स्पष्ट सांगितलं आणि मुलाला खरोखर गणिताची ओढ असेल, तर पुढच्या जूननंतर हलायचा विचार मी स्वतः तुम्हाला करायला सांगेन.

एपीबद्दल थोडक्यात. शाळेत कोर्स नसला तरी मुलाला मे महिन्यातली परीक्षा देता येते. त्यासाठी परीक्षा घेणारी शाळा शोधायची आणि शरद ऋतूतच, नोव्हेंबरच्या मध्याच्या आधी, नाव नोंदवायचं. स्वतः अभ्यास करून एखाद-दुसरी परीक्षा चांगली देणं पुरेसं आहे, तीन-चारच्या मागे लागू नका. विद्यापीठं अर्ज वाचताना शाळेने पाठवलेली स्कूल प्रोफाइल सोबत ठेवतात: शाळेत किती मुलं, कोणते कोर्स उपलब्ध. जे शाळेतच नाही ते मुलाने घेतलं नाही म्हणून त्याला कमी लेखत नाहीत. मात्र उपलब्ध असलेलं सगळ्यात अवघड त्याने घेतलंय का, ते बघतात. लहान शाळेत ही प्रोफाइल पाच-पाच वर्षं जुनी राहू शकते, कारण काउन्सेलरकडे राज्याच्या परीक्षांपासून जेवणाच्या फॉर्मपर्यंत सगळं असतं. 'अद्ययावत करायला मी मदत करू का?' असं विचारलंत तर त्यांना आनंदच होईल.

ड्युअल क्रेडिट, म्हणजे कम्युनिटी कॉलेजचे कोर्स शाळेत असतानाच घेणं, हा ग्रामीण टेक्सासचा खरा आधार आहे. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांतला ४२ क्रेडिट तासांचा मूळ अभ्यासक्रम एका सरकारी संस्थेतून दुसरीत चालतो, त्यामुळे हुशार मुलगा वर्षभराचं काम शाळेतच उरकून जातो. पण एक सावधगिरी, विशेषतः घरात डॉक्टर असताना. हे कॉलेजचे मार्क असतात आणि ते कायम राहतात. उद्या त्याने मेडिकल स्कूलला अर्ज केला तर सोळाव्या वर्षी घेतलेल्या इंग्लिशचा ग्रेडही त्यात मोजला जाईल. तेव्हा बास्केटबॉल आणि ट्रॅक एकमेकांत मिसळतात त्या फेब्रुवारीत दोन ड्युअल क्रेडिट एकदम घेऊ नयेत. अकरावीत एकापासून सुरुवात करावी.

रँकचा मुद्दा तुमच्या मैत्रिणींनी उलटा सांगितला. १९९७ पासून टेक्सासचा कायदा आहे की आपापल्या शाळेत पहिल्या १० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठाला यात वेगळी सवलत आहे, तिथली रेषा २०२६ च्या फॉलपासून पहिल्या ५ टक्क्यांवर आली आहे. गावातली मुलं बाजूला पडू नयेत हाही या कायद्याचा एक हेतू होता, आणि शहरालगतच्या शेकडो मुलांच्या वर्गात जिथे सगळेच ९५ च्या वर, तिथे रँक मिळवणं किती कठीण आहे हे त्या मैत्रिणींच्या मुलांनाच विचारा. शाळेत पहिला आलेल्याला तर सरकारी विद्यापीठात पहिल्या दोन सत्रांची शिक्षण फी माफ होते. तरी तीन गोष्टींत फसू नका. थेट प्रवेश विद्यापीठात असतो, हव्या त्या शाखेत नव्हे. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनीअरिंगसाठी वेगळी चुरस असते. पदवीच्या योजनेत 'डिस्टिंग्विश्ड' पातळी लागते, म्हणजे आल्जिब्रा टू, गणित आणि विज्ञानाचे चार-चार क्रेडिट आणि एक एंडोर्समेंट, म्हणजे निवडलेल्या क्षेत्रातला विषयगट. काउन्सेलरकडून त्याची आजच खात्री करून घ्या. आणि १७ जणांच्या वर्गात टक्केवारी कशी मोजतात ते लेखी घ्या, कारण इथे एकदोन दशांश गुणांवर दोन मित्रांचं भवितव्य ठरतं. मी अशा वर्गात बारावीच्या वसंतात वर्षानुवर्षांचे मित्र एकमेकांशी बोलेनासे झालेले पाहिलेत. घरात रँकची चर्चा जितकी कमी तितकं बरं.

सासूबाईंचा प्रश्न, तो अभ्यास कधी करतो. त्यांना सांगा की इथे राज्याचा कायदा आहे, १९८४ पासून: एका जरी विषयात ७० च्या खाली गेला तर निदान ३ आठवडे मॅच नाही. सराव चालतो, मॅच नाही. वरच्या पातळीच्या काही कोर्सना सूट असते, बाकी सगळ्यांना हा नियम लागतो. शाळेच्या तासांबाहेर एका खेळाचा सरावही आठवड्याला ८ तासांच्या वर घेता येत नाही. खरा वेळ खातो तो प्रवास. दोन तास जायचं, दोन तास यायचं, मंगळवारी बास्केटबॉलहून रात्री साडेअकराला घरी आणि सकाळी आठला शाळा. अभ्यासाच्या आधी झोप जाते. त्याला डोक्याला लावायचा दिवा घेऊन द्या, जाताना बसमध्ये वाचू दे, येताना झोपू दे. आणि तीन खेळ, बँड, नाटक यांतलं काहीतरी एक अकरावीत कमी करायचं आहे हे आत्ताच बोलून ठेवा. कोणतं, ते त्याने ठरवावं.

डोक्याला मार लागण्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण डॉक्टरांच्या घरात ती असणारच. सहा जणांच्या खेळात मैदान मोकळं असतं, मुलं वेगात येऊन आदळतात, आणि कन्कशन तिथेही होतं. २०११ पासून टेक्सासचा कायदा कडक आहे: शंका आली की मुलाला लगेच बाहेर काढायचं, त्या दिवशी परत घ्यायचं नाही, नंतरही डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि ती परवानगी कोच देऊ शकत नाही. इथे तुमच्या घरापुरती एक अडचण आहे. गावात डॉक्टर मोजके, तेव्हा मिस्टरांना साइडलाइनवर उभं राहायची विनंती होईल, कदाचित झालीही असेल. त्यांनी जरूर उभं राहावं. पण स्वतःच्या मुलाला खेळायची परवानगी त्यांनी द्यायची नाही. प्लेऑफच्या आठवड्यात, गाव वाट बघतंय आणि मुलगा 'बाबा, मी ठीक आहे' म्हणतोय, अशा वेळी बापाकडून निवाडा मागणं त्याच्यावरही अन्याय आहे. लबकच्या एखाद्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

खेळातून कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल अशा आशेवर मात्र काहीच आखू नका. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरातली सातएक मुलं कॉलेजात खेळतात, त्यातही सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये दोनही नाहीत, आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिपच नसते. तो खेळतो ते त्याला खेळायचं आहे म्हणून. तेवढं कारण पुरे आहे.

शेवटी तुमची भीती, की तो इथलाच होऊन जाईल.

ताई, तो थोडा झालाय. गेल्या दोन वर्षांत तुम्ही करार संपण्याचे महिने मोजत होतात, त्याच दोन वर्षांत त्याला एक गाव मिळालं. किराणा दुकानात त्याच्या जर्सीच्या नंबरने हाक मारणारी माणसं त्याला आहेत. तुम्हाला तिथे कोण आहे? पत्रात मैत्रिणी आहेत त्या फ्रिस्कोतल्या, सासूबाई पुण्यातल्या. गावातल्या एकाही बाईचं नाव नाही. फ्रिस्कोला जायची ओढ मुलाच्या गणितासाठी किती आणि तुमच्या एकटेपणासाठी किती, हे स्वतःला विचारून बघा. एकटेपणा हेही खरं आणि मोठं कारण आहे, तेवढ्यासाठीसुद्धा एखाद्या घराने जागा बदलावी. पण मग मुलाला तसं सांगा. 'तुझी शाळा कमी दर्जाची आहे' हे ऐकून तो गप्प झाला. 'मला इथे फार एकटं वाटतं' हे ऐकून तो काय म्हणेल, मला माहीत नाही, पण तो बोलेल. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आईचं हे ऐकण्याइतका मोठा असतो.

आजच त्याच्याशी बोला. ऑगस्टचा बेत रद्द, हे आधी सांगा, बाकीचं त्यानंतर. पुढच्या जूनचा निर्णय तिघं मिळून घ्याल, आणि तो ३ वर्षांचं वेळापत्रक समोर ठेवून घ्याल, हेही सांगा. मग त्याला नंबर सेन्सच्या एका जुन्या पेपरवर बसवा, घड्याळ लावून. सासूबाईंच्या पिढीत पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असायची. त्यांना येत असेल तर रविवारच्या फोनवर अर्धा तास त्याला शिकवायला सांगा. त्या पेपरात अपूर्णांकांचे गुणाकार असतातच, आणि दिडकी येणाऱ्या मुलाला ते कागदाशिवाय करणं किती सोपं जातं हे मी वर्गात पाहिलंय.

शाळेतल्या बैठकीनंतर मला पुन्हा लिहा. दहावीच्या गणिताचा तास कितवा आहे आणि ॲथलेटिक्सचा कितवा, तेवढं आधी कळवा.